शब्द पाठ होतात, उतारा मात्र कळत नाही

पत्र:

मॅडम, सादर नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वय 23, बी.ए. झालं, शिक्षण सगळं मराठीतून. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची (एसएससी) पदवीधरांसाठी सीजीएल ही नोकरीची परीक्षा असते, तिची तयारी करून राहिले. गणित, बुद्धिमत्ता जमते, इंग्रजीत गाडी अडते. मोबाइलवर 'ॲडव्हान्स व्होकॅब्युलरी'ची एक पीडीएफ आहे, त्यातले रोज 40 शब्द अर्थासहित वहीत उतरवून पाठ करते. तिसऱ्या दिवशी पाहिलं की अर्धेअधिक उडालेले. जे राहतात ते उताऱ्यात येत नाहीत, अन् जे उताऱ्यात येतात ते माझ्या वहीत नसतात. मागच्या महिन्यात अभ्यासिकेत सराव मुलाखत झाली. स्वतःबद्दल सांगताना मी म्हटलं, 'आय ॲम अ लोक्वेशस गर्ल.' पीडीएफमध्ये अर्थ 'बोलका' दिला होता. पोट्टे हसले, अजून त्याच नावानं चिडवतात. भाऊ म्हणते, आपल्या रक्तातच इंग्रजी नाही, हा नाद सोड. नागपूरच्या क्लासची फी आम्हाला झेपत नाही. किती शब्द पाठ करावे, कोणते करावे अन् ते डोक्यात राहावे कसे, एवढं सांगा.

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर:

बेटा,

आधी त्या हसण्याचा निकाल लावू, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. 'लोक्वेशस' म्हणजे बोलकी नव्हे, बडबडी. तू मुलाखतीत स्वतःला बडबडी म्हणालीस, म्हणून ते हसले. पण तुझं पाठांतर चोख होतं. ज्यानं त्या शब्दासमोर 'बोलका' एवढं लिहून हात झटकले, चूक त्याची.

आपल्याकडे बोलणाऱ्या माणसाला किती परींनी ओळखतात ते बघ. बोलकं पोर सगळ्यांना आवडतं. बोलघेवडा माणूस पारावर बरा, कामाच्या वेळी नको होतो. वाचाळ म्हटलं की दूषण झालं. तोंडाळ म्हटलं की त्यात भांडण आलं. हजरजबाबी म्हटलं की कौतुक. यातला कोणता शब्द कुठे घालायचा हे तुला कोणी शिकवलं नाही, तरी तुझी कधी चूक होत नाही. इंग्रजीतही अशीच वाटणी आहे. 'टॉकेटिव्ह' म्हणजे साधा बोलका किंवा बडबड्या. 'लोक्वेशस' म्हणजे बडबड्याच, पण शब्द जरा पुस्तकी. 'गॅर्युलस' म्हणजे फालतू गोष्टींचं पाल्हाळ लावणारा. 'व्हर्बोस' म्हणजे शब्दबंबाळ, आणि तो माणसापेक्षा भाषणाला, लिखाणाला जास्त लागतो. 'एलोक्वंट' म्हणजे ज्याचं बोलणं ऐकणाऱ्याला भिडतं. तुला जे म्हणायचं होतं ते 'आर्टिक्युलेट', म्हणजे मनातलं नेमकेपणानं मांडू शकणारी. सहा शब्द, आणि तुझ्या यादीत कदाचित सगळ्यांसमोर 'बोलका' किंवा 'बडबड्या' असंच लिहिलेलं असेल.

तुझ्या पत्रातलं सगळं दुखणं इथेच आहे असं मला वाटतं. तू शब्दाला एकटा गाठतेस, त्याच्या गळ्यात एक मराठी शब्द बांधतेस आणि पुढच्याकडे वळतेस. शब्द घ्यायचा तो त्याच्या कुळासकट, सोबत्यांसकट आणि तो जिथे भेटला त्या वाक्यासकट. असा घेतलेला एक शब्द यादीतल्या दहांना भारी पडतो.

आता किती आणि कोणते. रोज 40 म्हणजे महिन्याला 1200. एवढे शब्द अशा पद्धतीनं कोणाच्याच डोक्यात टिकत नाहीत, मराठी माध्यमाच्या नाही आणि कॉन्व्हेंटच्याही नाही. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग केले होते. काही अर्थ नसलेले अक्षरांचे तुकडे तो पाठ करायचा आणि किती वेळानं किती उरतं ते मोजायचा. 1885 मध्ये त्यानं ते प्रसिद्ध केलं. त्यात दिसलं की विसरण्याचा सगळ्यात मोठा सपाटा पहिल्या काही तासांत, पहिल्या दिवसात असतो. पुढे विसरणं मंदावतं. तुझी वही तिसऱ्या दिवशी रिकामी वाटते ती त्यामुळे. तुझ्या डोक्यात काही कमी नाही. आधार नसलेली गोष्ट माणसाचं डोकं अशीच टाकून देतं, आणि एकटा पाठ केलेला परका शब्द हा त्या निरर्थक तुकड्यांचा जवळचाच भाऊ.

कोणते, याचंही उत्तर अभ्यासकांनी बऱ्यापैकी देऊन ठेवलं आहे. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात पॉल नेशन यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं. त्यांच्या हिशेबानं इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचायची तर 8000 ते 9000 शब्दकुळं लागतात. शब्दकुळ म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह' हे सगळं मिळून एक. आकडा ऐकून घाबरू नको. सर्वांत जास्त वापरातली पहिली 2000 कुळं आली की बहुतेक मजकुरातले दहापैकी आठेक शब्द ओळखीचे होतात, आणि त्यातली बरीच तुला शाळेपासून येतात. त्याच विद्यापीठात ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली अभ्यासाच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येणाऱ्या 570 कुळांची यादी केली. 'ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट' या नावानं ती इंटरनेटवर फुकट मिळते. 'ॲनालाइज', 'सस्टेन', 'कॉन्ट्रॅडिक्ट', 'ॲलोकेट' असले शब्द. दिसायला भपकेदार नाहीत, पण अभ्यासाच्या मजकुरात शंभरातले सुमारे दहा शब्द यांच्यातलेच असतात. तुझा उतारा अडतो तो बहुतेक इथे. तू मात्र दुर्मीळ शब्दांच्या मागे धावते आहेस.

या दुर्मीळ शब्दांच्या याद्या आल्या कुठून तेही सांगते. त्यातल्या पुष्कळ अमेरिकेतल्या जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेसाठी केलेल्या आहेत. त्या परीक्षेत पूर्वी नुसता शब्द देऊन विरुद्धार्थी विचारत. 2011 मध्ये त्यांनी स्वतःच ते प्रश्न काढून टाकले. परीक्षा बदलली, याद्यांच्या झेरॉक्स फिरत राहिल्या आणि त्याच आता पीडीएफ होऊन तुझ्या मोबाइलवर आल्या.

तर रोज पाच-सहा शब्द घे. रविवारी नवा एकही नको. हे थोडं वाटेल, पण कुळासकट घेतलेस तर हाताला बरंच लागतं. कसं, ते तुझ्याच घरातल्या वस्तूवरून दाखवते.

कपाशीवर मारायचं औषध आठव. बाटलीला हात लावू नको, भरलेल्या नाही अन् रिकाम्याही नाही. सोबतचं घडी घातलेलं पत्रक पुरे. त्यावर 'इन्सेक्टिसाइड' लिहिलेलं असतं. तणाच्या औषधावर 'हर्बिसाइड', बुरशीच्या औषधावर 'फंगिसाइड'. तिन्हींच्या शेपटीला 'साइड' आहे. लॅटिनमध्ये मारणे, कापणे अशा अर्थाचं क्रियापद आहे, त्यापासून हा तुकडा आला. आता परीक्षेतला 'वन वर्ड सब्स्टिट्यूशन'चा प्रश्न आठव. 'मॅट्रिसाइड', 'पॅट्रिसाइड', 'फ्रॅट्रिसाइड'. यादीत हे तीन परके शब्द आहेत. पण मॅट्रि म्हणजे मातृ, पॅट्रि म्हणजे पितृ, फ्रॅट्रि म्हणजे भ्रातृ. मातृहत्या, पितृहत्या, भ्रातृहत्या. पाठ करायला काही उरलंच नाही. 'इन्फंट' म्हणजे तान्हं बाळ हे माहीत असलं की 'इन्फँटिसाइड' आलाच. 'जेनोसाइड' हा तर राफाएल लेमकिन या कायदेपंडितानं 1944 मध्ये मुद्दाम घडवलेला शब्द. त्यातला 'जेनो' म्हणजे वंश, आपल्या 'जन'चा नातलग. आणि रोजचा 'डिसाइड'? तोही याच कुळातला. कापून टाकणे. आपण म्हणतो ना, एक घाव दोन तुकडे, तोच भाव. 'कन्साइज' म्हणजे कापून छोटं केलेलं, आटोपशीर. 'इन्सिजन' म्हणजे शस्त्रक्रियेतला छेद. एका पत्रकातून अकरा शब्द निघाले, आणि हे अकरा तिसऱ्या दिवशी उडणार नाहीत.

त्याच पत्रकावर 'अँटिडोट' असेल, म्हणजे विषावरचा उतारा. 'टॉक्सिक' असेल. 'इन्हेल' असेल, श्वासावाटे आत घेणे. 'सिस्टेमिक' म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारं औषध. बाटलीवर तिरप्या चौकोनात रंग असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा असा उतरता क्रम. निळ्यासोबत 'डेंजर' आणि हिरव्यासोबत 'कॉशन' छापलेलं असतं. 'कॉशन'पासून 'कॉशस' आणि 'प्रिकॉशन' हे तू सहज काढशील. हे वाचायला शिकणं परीक्षेपलीकडेही कामाचं आहे. भाऊ फवारणी करत असेल तर त्या पत्रकावरची विषबाधेची लक्षणं घरात एकाला तरी नीट वाचता आली पाहिजेत.

आता भावाच्या म्हणण्याकडे येते. रक्तात इंग्रजी नाही म्हणतो तो. 1786 मध्ये विल्यम जोन्स नावाच्या कलकत्त्याच्या न्यायाधीशानं एशियाटिक सोसायटीत भाषण देताना सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासानं ते पक्कं झालं. इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन आणि ग्रीकमधून आलेले, आपले अवघड शब्द संस्कृतमधून. म्हणजे नेमक्या तुझ्या 'ॲडव्हान्स' शब्दांच्या बाबतीत मराठी पोरांच्या हातात किल्ली आहे. 'पेरिमीटर' ही परिमितीच, 'पेरि' म्हणजे 'परि'. 'इंटर' म्हणजे 'अंतर', म्हणून 'इंटरनॅशनल' ते आंतरराष्ट्रीय. 'डेंटल' दातांचं, दंत. 'इग्नाइट' पेटवणे, अग्नी. 'मॉर्टल' म्हणजे मर्त्य आणि 'इममॉर्टल' म्हणजे अमर्त्य. 'ग्रॅव्हिटी'ला आपण गुरुत्व म्हणतो, आणि ते 'ग्रॅव्ह' व आपलं 'गुरु', जड या अर्थाचं, एकाच मुळाचे. 'डिस्फंक्शन'मधला तो 'डिस' ग्रीकमधला, आपल्या 'दुर्'चा भाऊ. दुर्गंध, दुर्दशा, दुष्काळ हे शब्द ज्याला येतात त्याला हा उपसर्ग वेगळा शिकवावा लागत नाही.

(जाता जाता: इंग्रजीनं आपल्याकडूनही उचललं आहे. 'मंगूज' हा आपला मुंगूसच.)

मुळं शोधण्याचा हा छंद लागला की माणूस वाहवतो, म्हणून एक इशारा. काही ठिकाणी मूळ दगा देतं. हायवेवरच्या पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं तू पाहिलं असशील. 'इन' म्हणजे नाही असं धरलंस तर अर्थ होतो न पेटणारं, आणि प्रत्यक्षात ते भडकन पेटणारं असतं. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'पेडेस्ट्रियन'मध्ये पाय आहे, 'पीडिॲट्रिशियन'मध्ये ग्रीकमधलं मूल आहे. तेव्हा मुळावरून अंदाज बांध, पण कोशात पाहून खात्री केल्याशिवाय वहीत चढवू नको.

कोश कोणता घ्यावा? शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ऑक्सफर्डचा 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' हा मूळचा ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये इंग्रजी शिकवताना सहकाऱ्यांसोबत तयार केला, 1942 मध्ये तो तिथेच पहिल्यांदा निघाला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच तो आहे. अर्थ सोप्या, ठरावीक शब्दांत सांगतो, उदाहरणाचं वाक्य देतो, आणि शब्द औपचारिक आहे का, त्यात नापसंती आहे का, हेही कंसात सांगतो. इंटरनेटवर फुकट आहे, उच्चारही ऐकता येतो. उच्चार ऐकच. 'एपिटोम' नव्हे, 'एपिटमी'. 'हायपरबोल' नव्हे, 'हायपर्बली'. आधी इंग्रजी अर्थ वाच आणि मग तुझ्या मनात जो मराठी शब्द आपसूक येईल तो लिही. 'फ्रूगल' वाचून 'काटकसरी' येईल, 'स्टिंजी' वाचून 'चिंगूस'. ती तुझी स्वतःची जोडणी असेल आणि पीडीएफपेक्षा खरी असेल.

शब्द भेटायला पाहिजेत ते वाचनात. इंग्रजी पेपरच्या अग्रलेखापासून सुरुवात करायला सांगणारे पुष्कळ भेटतील. ते तू आत्ता करू नको. दमछाक होईल आणि हाताला काही लागणार नाही. ज्यातला मजकूर आधीच माहीत आहे ते वाच. यासाठी मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते बालभारतीचं पुस्तक. इतिहास, भूगोल, विज्ञानाचं तेच पुस्तक मराठी माध्यमात असतं आणि इंग्रजी माध्यमातही, आणि दोन्ही बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. आठवीपासून सुरू कर. धडा आधी मराठीत वाच, मग इंग्रजीत. 'अपक्षय' मराठीत वाचलेला असला की इंग्रजी पानावर 'वेदरिंग' समोर येतो तेव्हा कोश लागत नाही. दहावीच्या पुस्तकापर्यंत आलीस की त्या 570 कुळांतली कितीतरी तुला वाटेत भेटून गेलेली असतील. विज्ञान आवडत नसेल तर इतिहास घे. रस असेल तेच वाच.

दुसरं वाचन आपल्या भागाच्या बातम्यांचं. नागपूरहून निघणाऱ्या इंग्रजी पेपरांत विदर्भाच्या पावसापाण्याच्या, कापसाच्या बातम्या येतात, त्या मोबाइलवर मिळतात. काय घडलं ते तुला ठाऊक असतं, म्हणून अर्थ अर्धा तुझ्या हातात असतो. अशा बातमीत शोभेल असं एक वाक्य मी इथे रचते, सोबतीनं वाचू: 'इन्सेसंट रेन इनंडेटेड लो-लाइंग फील्ड्स अँड ॲग्रव्हेटेड द प्लाइट ऑफ कॉटन ग्रोअर्स.'

'रेन' आणि 'फील्ड्स' येतात. पावसानं खोलगट शेतांचं काय केलं असेल? पाण्याखाली घातली. म्हणजे 'इनंडेट' हा अंदाजानंच सुटला. 'इन्सेसंट'मध्ये 'सीस', थांबणे, आणि पुढे नकाराचा 'इन'. न थांबणारा. आपला 'अविरत' अगदी असाच बांधलेला आहे. 'ॲग्रव्हेट'मध्ये मघाचा 'ग्रॅव्ह' आहे, जड. आणखी जड करणे, म्हणजे दुखणं वाढवणे. आणि 'प्लाइट' म्हणजे दैना. एवढ्यानं वाक्य कळलं. पण शब्द हाताशी यायला आणखी एक गोष्ट टिपून घ्यावी लागते, ती म्हणजे सोबती. 'ॲग्रव्हेट' नेहमी वाईट गोष्टीसोबत येतो: आजार, समस्या, जखम. 'ॲग्रव्हेट द हॅपिनेस' असं कोणी म्हणणार नाही. 'इन्सेसंट' पावसाला लागतो, बडबडीला लागतो, गोंगाटाला लागतो. पावसाला 'हेवी' चालतं, 'टोरेन्शियल' चालतं, 'स्ट्राँग' चालत नाही. चहाला मात्र 'स्ट्राँग'. हे का, असं विचारू नको. आपण पाऊस पडतो म्हणतो आणि थंडीही पडते, पण ऊन पडतं आणि तापतंही. भाषेची वहिवाट असते तशी. 'क्लोज टेस्ट'मध्ये गाळलेल्या जागेत बऱ्याचदा पर्यायांचा अर्थ जवळपास एकच असतो आणि उत्तर ठरतं ते सोबत्यावरून. नुसता अर्थ पाठ करणारी मुलं तिथेच मार्क घालवतात.

म्हणून वहीची दोन रकान्यांची आखणी मोड. एका शब्दाला अर्धं पान दे. समज 'मिटिगेट' आला. वर शब्द, उच्चार. खाली तो जिथे भेटला ते वाक्य जसंच्या तसं. मग सोबती: 'मिटिगेट द रिस्क', 'मिटिगेट द इफेक्ट्स', 'मिटिगेट द डॅमेज'. मग शेजारी: 'अलीव्हिएट' हाही कमी करणे, पण तो दुःखाला, वेदनेला, गरिबीला लागतो, 'अबेट' म्हणजे आपोआप ओसरणे, वादळ अबेट होतं. मग विरुद्ध: 'ॲग्रव्हेट'. आणि शेवटी तुझं स्वतःचं वाक्य, तुझ्या गावातलं. शेततळ्यानं दुष्काळाची झळ कमी झाली, हे इंग्रजीत लिही. हे शेवटचं वाक्य कधी टाळू नको, कितीही कंटाळा आला तरी. व्याकरण चुकलं तर चुकू दे.

आता टिकवायचं कसं. पेरणी केली की तू आठवड्याभरात शेतात चक्कर मारतेस, कुठे उगवलं नाही ते बघतेस आणि नांग्या भरतेस. शब्दांचं तेच करायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, पंधरवड्यानं, महिन्यानं. आणि फक्त जे उगवले नाहीत तिथेच पुन्हा मेहनत. यासाठी सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं 1970च्या दशकात पत्त्यांची एक साधी पद्धत लोकप्रिय केली. बुटाचा खोका घे, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे कर. लग्नपत्रिका घरात साठल्या असतील, त्यांचे कोरे भाग कापून पत्ते कर. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला सोबती आणि वाक्य. नवा पत्ता पहिल्या कप्प्यात. तो रोज काढायचा. आठवला तर दुसऱ्यात सरकव, तो दोन-तीन दिवसांनी बघायचा. असं आठवत गेलं की पुढे सरकत जातो आणि पाचव्या कप्प्यातला महिन्यातून एकदाच काढायचा. विसरला तर कुठल्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. हेच काम मोबाइलवर 'अँकी' नावाचं ॲप करतं, अँड्रॉइडवर ते फुकट आहे. पण पत्ते हातानं लिहिण्यात फायदा आहे असं माझं मत आहे, आणि वेचणीला जाताना दहा पत्ते ओढणीच्या गाठीत नेता येतात.

एक नियम मात्र पाळ. पत्ता उलटण्याआधी अर्थ आठवायचा प्रयत्न कर, तोंडानं म्हण. आठवण्याच्या त्या खटपटीनंच शब्द पक्का होतो. वही पुन्हापुन्हा वाचून येतं ते ओळखीचं वाटणं, आणि परीक्षेत ते फसवतं. 'दहा मिनिटांत शंभर शब्द' असले व्हिडिओ याच कारणानं वेळ खातात.

परीक्षेचं थोडक्यात. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 गुण, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. शब्दांवरचे प्रश्न जुन्या प्रश्नपत्रिकांतून वारंवार फिरून येतात. म्हणून तुझी यादी तुला करायचीच असेल तर ती मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतून कर, उत्तराचाच नव्हे तर चारही पर्यायांतला प्रत्येक शब्द घेऊन. मुळांवरून दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर उरलेल्या दोनांतून उत्तर देऊन टाक. बरोबरला दोन गुण आणि चुकीला अर्धा, हिशेब तुझ्या बाजूनं आहे.

मुलाखतीत, गटचर्चेत मात्र नवा शब्द वापरायची घाई करू नको. जो शब्द तुला वाचनात पाच-सहा वेगवेगळ्या ठिकाणी भेटला आहे आणि ज्याचं स्वतःचं वाक्य लिहिलं आहेस, तोच तोंडी वापर. बाकी साधं बोल. 'आय ग्रू अप ऑन अ कॉटन फार्म' हे वाक्य सोपं आहे, खरं आहे आणि ऐकणाऱ्याला तुझ्याबद्दल काही सांगतं.

भावाशी भांडू नको, पण त्याला एक गोष्ट सांग. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरातून उठून इंग्लंडला गेले, बॅरिस्टर झाले, वैदिक वाङ्मयावर संशोधन करून डॉक्टरेट घेऊन परत आले आणि 1952 ते 1962 देशाचे कृषिमंत्री होते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. तेव्हा गावात ना मोबाइल होता ना फुकटचे कोश.

नागपूरच्या क्लासचा विचार तूर्त डोक्यातून काढ. वर सांगितलेल्या कशालाच फी नाही. अभ्यासिकेत तुझ्यासारख्या आणखी एक-दोन मुली असतील तर सोबत घे आणि आठवड्यातून एकदा एकमेकींचे पत्ते विचारा. दुसरीनं विचारलेला शब्द जास्त टिकतो. जुनी पीडीएफ मोबाइलमधून काढून टाक, ती समोर असली की मन पुन्हा तिकडे जातं. आणि महिनाभरानं वहीतल्या कोणत्याही पाच शब्दांच्या पानांचे फोटो या सदराकडे पाठव. मी त्यात तुझी स्वतःची वाक्यं तपासीन, आणि सोबती कुठे चुकले असतील तर खुणा करून परत पाठवीन.